अलॉय कॅटॅलिस्टची नॉक्स टेस्टिंग बाहेरच्या लॅबकडून करून घेतली, सगळा अनुभव लिहितेय

बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलेच. आमचा छोटा ग्रुप आहे. नॉक्स, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, कमी करणारे मिश्रधातूचे (अलॉयचे) कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, डिझाइन करायचे आणि बनवायचे हे आमचं काम. कॉम्प्युटरवर गणितं आम्हीच करतो, नॅनोपार्टिकल आम्हीच बनवतो, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघणं) पण आमच्याकडेच होतं, पण खऱ्या गॅसमध्ये टेस्ट करायची रिअ‍ॅक्टर रिग आमच्याकडे नाही. म्हणून एका पेड टेस्टिंग सर्व्हिसकडे सहा सॅम्पल पाठवले. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाचं नाव खराब करायचं नाहीये, अशी सर्व्हिस घेणाऱ्या कोणालाही उपयोग व्हावा एवढंच मनात आहे. थोडक्यात सांगते: मशीन चांगल्या, माणसं मनापासून काम करणारी, पण त्यांचं ठरलेलं पॅकेज अलॉयच्या कामाला पुरत नाही. पहिल्या फेरीला पाचपैकी अडीच, आणि आम्ही मागे लागून करून घेतलेल्या दुसऱ्या फेरीला साडेचार.

आधी काय पाठवलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नुसतं पॅलेडियम, नुसतं ऱ्होडियम, नुसतं रुथेनियम, हे तीन तुलनेसाठी. मग पॅलेडियम-रुथेनियमचे दोन अलॉय, एक ५०-५० आणि एक ७०-३०. आणि सहावा कॉपरचा, ज्यात पॅलेडियम अगदी थोडं, म्हणजे कॉपरच्या कणात पॅलेडियमचे सुटे सुटे अणू बसतील इतकंच. सगळे आधाराच्या पावडरवर, म्हणजे गॅमा अ‍ॅल्युमिनावर.

पॅलेडियम-रुथेनियमच का, तर पिरियॉडिक टेबल बघा: ४४ रुथेनियम, ४५ ऱ्होडियम, ४६ पॅलेडियम. नॉक्स फोडण्यात राजा आहे ऱ्होडियम, गाडीच्या थ्री-वे कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा) तेच हे काम करतं आणि जगात निघणारं बहुतेक ऱ्होडियम याच कामाला जातं, पण ते फार दुर्मिळ, प्लॅटिनमच्या खाणीत सोबत म्हणून थोडंसं निघतं. मग दोन्ही बाजूचे शेजारी एकजीव मिसळले तर मधल्यासारखे वागतील का, असा हा विचार. गंमत अशी की मोठ्या तुकड्यात पॅलेडियम आणि रुथेनियम एकमेकांत नीट मिसळतच नाहीत, वेगळे राहतात. पण २०१४ मध्ये क्योटो विद्यापीठातल्या हिरोशी कितागावा यांच्या ग्रुपने नॅनो आकारात त्यांचं एकजीव सॉलिड सोल्युशन करून दाखवलं, आणि २०१६ मध्ये तेच कण नॉक्स रिडक्शनला ऱ्होडियमच्या तोडीचे आहेत हेही दाखवलं, त्याला त्यांनी बनावट ऱ्होडियम अशा अर्थाचं नाव दिलं. मला तेव्हापासून या अलॉयने झपाटलंय. कॉपर-पॅलेडियमची कल्पना पण आमची नाही, होक्काइदो विद्यापीठातून २०१९ मध्ये त्यावर फार सुंदर काम आलंय.

आता टेस्टिंगमध्ये नक्की काय बघायचं असतं. नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे एनओ, हा तसा अस्थिर रेणू आहे, उष्णतेच्या हिशोबाने त्याने आपणहून नायट्रोजन आणि ऑक्सिजन होऊन जायला पाहिजे, पण तो बंध इतका घट्ट आहे, मोलमागे साधारण ६३० किलोज्यूल, की तो नुसता तसाच राहतो. मेटलचं काम हा बंध तोडायचं. एनओ पृष्ठभागावर बसतो, नायट्रोजन एकीकडे ऑक्सिजन एकीकडे होतात, ऑक्सिजनला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, घेऊन जातो आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि दोन नायट्रोजन एकमेकांना भेटले की नायट्रोजन वायू बनून उडून जातो. हे झालं आदर्श. पण पृष्ठभागावर एनओ अजून न फुटता बसलेले असतील, आणि एकट्या नायट्रोजनला शेजारी नायट्रोजनच्या ऐवजी असा अख्खा एनओ भेटला, तर बनतो नायट्रस ऑक्साइड, एनटूओ. तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा वायू आहे, वर ओझोनलाही खातो. आणि हायड्रोजन आसपास असेल तर अमोनिया. म्हणजे एनओ गायब झाला याचा अर्थ तो नायट्रोजन झाला असा होत नाही!! हे वाक्य लक्षात ठेवा, या सगळ्या रिव्ह्यूत मला हेच सांगायचंय.

तर फॉर्म भरला. फॉर्म दोन पानी, सॅम्पलचं वजन, कणांचा आकार, धातू किती टक्के, विषारी आहे का, तापमान कुठून कुठपर्यंत. प्रीट्रीटमेंटच्या, म्हणजे टेस्टआधी सॅम्पल तयार करून घ्यायच्या, जागी छापलेलंच होतं 'स्टँडर्ड'. मी फोन करून विचारलं स्टँडर्ड म्हणजे काय, तर ज्यांनी उचलला त्यांनी सांगितलं की सॅम्पल स्वच्छ करून घेतो मॅडम, सगळेच करतात. मी पुढे विचारायला हवं होतं, नाही विचारलं, ती माझी चूक. स्टँडर्ड म्हणजे ५०० अंश सेल्सिअसला तासभर ऑक्सिजन.

साध्या ऑक्साइड कॅटॅलिस्टला किंवा झिओलाइटला (सूक्ष्म छिद्रं असलेलं खनिज) हे चालतं, उलट बरंच असतं, वरचा कार्बन जळून जातो. पण आमचा अलॉय म्हणजे मुळात वेगळे राहू बघणारे दोन धातू नॅनो आकारात कसेबसे एकत्र धरून ठेवलेले. ऑक्सिजनमध्ये ५०० अंशाला पॅलेडियमचा वेगळा ऑक्साइड झाला, रुथेनियमचा वेगळा. रुथेनियमचं तर आणखी एक दुखणं आहे, जास्त तापमानाला ऑक्सिजनमध्ये त्याचे उडून जाणारे ऑक्साइड बनतात, म्हणजे धातू अक्षरशः हवेत जातो. सॅम्पल परत आल्यावर आमच्या एक्सआरडीवर रुथेनियम डायऑक्साइडच्या रेषा सरळ दिसल्या, बनवल्यावर जो एकच रुंद पीक होता त्याचा पत्ता नाही. महिनाभर खपून बनवलेलं मटेरियल टेस्ट व्हायच्या आधीच संपलं होतं, त्या दिवशी मला खरंच रडू आलं. म्हणजे पहिल्या फेरीत जे मोजलं गेलं तो आमचा अलॉय नव्हताच, दोन ऑक्साइडची सरमिसळ होती.

पण हे एक्सआरडी नंतरचं. आधी रिपोर्ट आला होता आणि रिपोर्ट इतका देखणा की आम्ही सगळे खूश झालो होतो, रंगीत ग्राफ, प्रत्येक सॅम्पलचा लाइट-ऑफ कर्व्ह (तापमान वाढवत नेलं तसं किती नॉक्स गेलं), टी-५० म्हणजे अर्धं नॉक्स जायला लागणारं तापमान, ते ठळक अक्षरात. सहाच्या सहा सॅम्पलनी नॉक्स जवळजवळ पूर्ण संपवलं होतं. नुसतं पॅलेडियम तर चक्क ऱ्होडियमच्या आधी सुरू झालेलं. इथेच मला खटकलं. पॅलेडियम एनओ फोडण्यात ऱ्होडियमपेक्षा कमजोर, हे या विषयात सगळ्यांना माहीत असलेलं, आणि इथे ते पुढे. चुकीचं आहे असं नाही, असू शकतं, पण मग नायट्रोजन कुठे गेला ते दाखवा.

रिपोर्टमध्ये शोधलं तर ते कुठेच नाही. मोजलं होतं फक्त केमिल्युमिनेसन्स अ‍ॅनालायझरने. हे मशीन काय करतं, तर गॅसमध्ये ओझोन सोडतं, एनओ आणि ओझोनची रिअ‍ॅक्शन होऊन प्रकाश पडतो, तो मोजतं. एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) असेल तर आधी गरम कन्व्हर्टरवर त्याचा एनओ करून घेतं. फार अचूक मशीन आहे, धुराच्या कायदेशीर तपासणीला हेच वापरतात, पण त्याला एनटूओ दिसत नाही. अजिबात नाही. एनटूओच्या बाबतीत ते आंधळं आहे. म्हणजे एखादा कॅटॅलिस्ट सगळा एनओ उचलून त्याचा एनटूओ करत असेल तर या मशीनवर तो शंभर टक्के पास. वरून उरलेला गॅस, म्हणजे एनओ-सीओ ज्यात मिसळून सोडतात तो, म्हणून त्यांनी वापरला होता नायट्रोजन! म्हणजे बनलेला नायट्रोजन मोजायचा म्हटलं तरी समुद्रात सोडलेला तांब्याभर पाणी शोधण्यासारखं.

इथे एक युक्ती सांगते जी मला आमच्या सरांनी शिकवली आणि जी खूप कमी लोक वापरताना दिसतात. फीडमध्ये, म्हणजे आत सोडलेल्या गॅसमध्ये, फक्त एनओ आणि सीओ असेल, ऑक्सिजन नसेल, तर हिशोब साधा आहे. दोन एनओचा नायट्रोजन करायला दोन सीओ लागतात, पण दोन एनओचा एनटूओ करायला एकच सीओ पुरतो. म्हणजे किती सीओ खर्च झाला भागिले किती एनओ गेला, हा आकडा १ च्या जवळ असेल तर नायट्रोजन होतोय, ०.५ कडे घसरला तर एनटूओ. रिपोर्टच्या मागे कच्चा डेटा दिला होता (याचे पूर्ण मार्क, कच्चा डेटा न मागता देणं ही मोठी गोष्ट आहे) त्यात सीओचा कॉलम होता. मी रात्री बसून भागाकार केले. पॅलेडियमचा आकडा त्या सुरुवातीच्या तापमानाला १ पेक्षा बराच खाली, आणि जसं तापमान वाढत गेलं तसा वर चढत गेला. म्हणजे जे पॅलेडियम शर्यतीत पुढे दिसत होतं ते सुरुवातीला बऱ्यापैकी एनटूओच बनवत होतं. हा हिशोब शंभर टक्के पक्का नसतो हे पण सांगते, कारण कॅटॅलिस्टवर आधीच ऑक्साइड असेल तर काही सीओ तो कमी करण्यातही जातो (आमच्यावर तर होताच), पण त्याने आकडा वर जातो, खाली नाही. खाली आला म्हणजे गडबड नक्की.

दुसऱ्या दिवशी लॅबला हे सगळं लिहून पाठवलं. इथून पुढे माझं मत बदलत गेलं. त्यांच्या टेक्निकल हेड मॅडमनी स्वतः फोन केला, पाऊण तास बोलल्या, कुठेही हात झटकले नाहीत. त्यांचे बहुतेक ग्राहक डिझेलच्या एससीआरवाले, म्हणजे अमोनियाने नॉक्स घालवणारे, कॉपर झिओलाइट आणि व्हॅनेडिया टेस्ट करायला पाठवणारे, त्यांच्यासाठी ऑक्सिजनमध्ये भाजणं हीच बरोबर पद्धत, आणि धातूच्या अलॉयवाले ग्राहक क्वचितच, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी स्वतःहून दुसरी फेरी करून द्यायची तयारी दाखवली. मी म्हटलं एक मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वजनावरून ओळखणारं मशीन) जोडू, तर त्यांनीच मला थांबवलं आणि ते बरोबरच होतं: मास २८ ला नायट्रोजन पण आणि सीओ पण, मास ४४ ला एनटूओ पण आणि कार्बन डायऑक्साइड पण, साध्या मशीनवर वेगळे कसे करणार? एकतर कार्बन-१३ वाला सीओ वापरा, नाहीतर एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने गॅस ओळखणारं मशीन) आणि गॅस क्रोमॅटोग्राफ (गॅस एकमेकांपासून वेगळे करून मोजणारं) लावा. एफटीआयआरवर एनटूओ २२२४ प्रति सेंटीमीटरच्या आसपास स्वतंत्र दिसतो, अमोनिया पण दिसतो, आणि नायट्रोजन इन्फ्रारेडला दिसत नाही म्हणून तो क्रोमॅटोग्राफवर, मॉलिक्युलर सिव्हच्या कॉलमवर सीओपासून वेगळा होतो. उरलेला गॅस नायट्रोजनऐवजी आर्गॉन. ठरलं.

प्रीट्रीटमेंट आम्ही बदलून मागितली: ५ टक्के हायड्रोजन आर्गॉनमध्ये, ३०० अंश, एक तास, आणि तिथून आर्गॉनमध्येच थंड, मधे हवा लागू द्यायची नाही. नवीन सॅम्पल बनवून पाठवले.

अजून एक वाद झाला तो फ्लोचा. पहिल्या फेरीत त्यांनी पावडर जास्त आणि गॅस हळू ठेवला होता, त्यामुळे सगळ्यांचे कर्व्ह एकदम वर जाऊन टेकलेले, एकमेकांवर बसलेले. सहा जण शंभरपैकी शंभर असतील तर त्यात हुशार कोण हे कळणार कसं. अलॉय डिझाइनवाल्याला हवा असतो रिअ‍ॅक्शनचा खरा वेग, पृष्ठभागावरच्या एका अणूमागे सेकंदाला किती एनओ गेले, आणि तो १०-१५ टक्क्यांच्या खालच्या कन्व्हर्जनवरच, म्हणजे तेवढाच एनओ संपत असताना, नीट मिळतो, वर गेलात की गॅस आत पोचायला लागणारा वेळ, तापमानातला चढउतार, सगळं त्यात मिसळतं. मॅडम म्हणाल्या की कमी कन्व्हर्जनचा ग्राफ ग्राहकाला आवडत नाही, त्यांना वाटतं कॅटॅलिस्ट वाईट आहे. मला हे ऐकून वाईट वाटलं पण समजलं. शेवटी दोन्ही केलं, एक पूर्ण लाइट-ऑफ आणि एक वेगळा रन, पावडर अगदी थोडी, क्वार्ट्जच्या वाळूत मिसळून, गॅस जोरात. थर्मोकपल (तापमान मोजणारा) पावडरच्या आत घुसवलेला, बाहेरच्या भट्टीवर नाही, हे त्यांनी न सांगता केलं होतं, याला पण पूर्ण मार्क. रिकाम्या अ‍ॅल्युमिनाचा ब्लँक रन पण दिला.

दुसऱ्या फेरीचा रिपोर्ट उघडला आणि क्रमच फिरलेला. पॅलेडियमचा एनटूओचा उंचवटा आता डोळ्यासमोर होता, कमी तापमानाला वर येतो आणि गरम होत गेलं की ओसरतो. ऱ्होडियमनेही सुरुवातीला थोडा एनटूओ दिला, ते पुस्तकातही तसंच आहे, पण लवकर सावरलं. आमचा ५०-५० अलॉय ऱ्होडियमच्या मागोमाग सुरू झाला आणि त्याचा उंचवटा नुसत्या पॅलेडियमपेक्षा बुटका. ७०-३० वाला पॅलेडियमच्या वळणावर गेला. नुसतं रुथेनियम एनओ फोडायला पटाईत पण नंतर ऑक्सिजन सोडायलाच तयार नाही, त्यामुळे पृष्ठभाग भरून बसतो. नायट्रोजनचा हिशोब, म्हणजे आत गेलेला नायट्रोजन आणि बाहेर आलेला, नायट्रोजन वायू, एनटूओ, अमोनिया आणि न वापरलेला एनओ सगळं धरून, तो प्रत्येक तापमानाला लिहिला होता. मी तो कॉलम बघून खुर्चीतून उठले. हा एक कॉलम असेल तर बाकी रिपोर्ट साध्या कागदावर छापला तरी चालेल.

आम्हाला हे का एवढं महत्त्वाचं, ते थोडं सांगते. आमची गणितं डी-बँड मॉडेलवर उभी आहेत, हॅमर आणि नोर्स्कोव यांनी १९९५ मध्ये मांडलेलं: धातूच्या डी-बँडचं (धातूतल्या ठराविक इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा) केंद्र फर्मी लेव्हलच्या (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले ती ऊर्जेची पातळी) जितकं जवळ तितका रेणू घट्ट चिकटतो. फार घट्ट चिकटला तर सुटत नाही, फार सैल असेल तर फुटत नाही, मधली जागा पकडायची, हे साबातिएचं जुनं तत्त्व. अलॉय करून आपण तो बँड थोडा वर थोडा खाली सरकवतो. पण या गणितांची चूक सहज ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते, आणि ३०० अंशाला रिअ‍ॅक्शनच्या ऊर्जेच्या अडथळ्यात ०.२ ची चूक म्हणजे वेगात पन्नासपटीहून जास्त फरक. म्हणून गणित फक्त दिशा दाखवतं, कौल टेस्टिंगचाच. आणि टेस्टिंगने जर एनटूओला यश म्हणून मोजलं तर आपण पुढचं अख्खं डिझाइन एनटूओ बनवणाऱ्या अलॉयकडे नेऊन ठेवू, वर्षं जातील त्यात. आजकाल लोक असे डेटा मशीन लर्निंगला पण खाऊ घालतात, तिथे तर ही चूक कोणाला दिसणारही नाही.

कॉपर-पॅलेडियमची गोष्ट वेगळी आणि जरा दुखरी. कोरड्या एनओ-सीओमध्ये तो सगळ्यात स्वच्छ, एनटूओ बनला तरी पुढे फोडून टाकत होता, आम्ही नाचायचे बाकी होतो. मग ऑक्सिजन आणि १० टक्के वाफ असलेला फीड लावला, कारण खऱ्या धुरात ते असतंच, आणि तो बसला. कॉपरला ऑक्सिजन लागला की ऑक्साइड होतं, मग सुटे पॅलेडियम अणू धातूत नाही तर ऑक्साइडमध्ये अडकलेले. याबद्दल लॅबला दोष नाही, उलट त्यांनी हा फीड सुचवला म्हणून वेळेवर कळलं. हा रन त्यांच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये नाहीये, वेगळा सांगावा लागतो, विसरू नका. ऑक्सिजन जास्त झाला की सीओ सरळ ऑक्सिजनशीच जळून जातो, एनओसाठी उरतच नाही, म्हणून थ्री-वे कन्व्हर्टरला पेट्रोलमागे हवेचं वजनी प्रमाण १४.७ च्या आसपास धरून ठेवावं लागतं. आणि खऱ्या गाडीत ते स्थिर नसतं, सेकंदाला एखादा हेलकावा या हिशोबाने थोडं इकडे थोडं तिकडे होत राहतं. या लॅबकडे पटकन उघडबंद होणारे व्हॉल्व्ह आहेत, हेलकावे देऊन टेस्ट करता येते, एवढी चांगली सोय आहे आणि वेबसाइटवर एका ओळीतही लिहिलेली नाही!

हेलकाव्यांचा रन अलॉयसाठी का करायचा, तर अलॉयची कातडी गॅसप्रमाणे बदलते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या लोकांनी ऱ्होडियम-पॅलेडियमच्या नॅनोकणांवर हे गॅस चालू असताना बघितलं होतं: एनओ सोडला की ऱ्होडियम पृष्ठभागावर येतं, त्यात सीओ मिसळला की पॅलेडियम वर येतं आणि ऱ्होडियम आत जातं, परत उलट केलं की परत उलट. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कण जिवंत असल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे आपण बनवताना जी रचना ठरवतो ती रिअ‍ॅक्टरमध्ये तशी राहीलच असं नाही, आणि म्हणून टेस्ट झालेलं सॅम्पल परत मिळणं फार गरजेचं. इथे लॅबने मन जिंकलं. वापरलेले सहाही सॅम्पल आर्गॉनमध्ये सील केलेल्या बाटल्यांतून, प्रत्येकावर कुठल्या तापमानापर्यंत गेला, किती तास चालला, शेवटचा गॅस कोणता, हे हाताने लिहिलेलं. आमच्या ५०-५० वाल्याचा पीक यावेळी शाबूत होता, थोडा बारीक झालाय, म्हणजे कण वाढलेत, पण फुटून वेगळा झालेला नाही.

तक्रारी उरल्यात त्या सांगते. वेळ. सांगितलं तीन आठवडे, लागले सात, आणि मधे कोणी कळवत नाही, आपणच मेल करायचा. अमोनियाचे पहिले काही आकडे संशयास्पद होते, अमोनिया पाइपच्या भिंतीला चिकटून बसतो आणि मागाहून सुटतो, लाइन सगळीकडे सारखी गरम नव्हती बहुतेक, त्यांनी मान्य केलं आणि तो भाग परत केला पण आम्ही बोलल्यावर. हायड्रोथर्मल एजिंग, म्हणजे वाफेत तापवून म्हातारं करणं, ते त्यांच्याकडे एका वेळी एकाच सॅम्पलचं होतं, सहा सॅम्पल असतील तर रांग लावा. आणि फॉर्म अजून तोच आहे, प्रीट्रीटमेंटच्या जागी छापलेलं 'स्टँडर्ड' तसंच. हे मॅडमना मी दोनदा सांगितलंय. उद्या दुसऱ्या कोणाचा अलॉय तसाच भाजला जाईल याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण प्रत्येकाकडे परत बनवायला धातू नसतो.

तुम्ही अशा कुठल्याही सर्व्हिसला अलॉय पाठवणार असाल तर आधी फोनवर एकच प्रश्न विचारा, तुम्ही एनटूओ कशाने मोजता. उत्तर नॉक्स अ‍ॅनालायझर असं आलं तर पुढे बोलूच नका, किंवा एफटीआयआर आहे का विचारा. मग उरलेला गॅस आर्गॉन किंवा हेलियम मागा, प्रीट्रीटमेंट स्वतःच्या हाताने लिहा, तापमान गॅस वेळ सगळं, आणि सॅम्पल परत हवेत हे ठळक लिहा. थोडी पावडर स्वतःकडे राखून ठेवा, सगळी पाठवू नका, आम्ही ठेवली होती म्हणूनच बनवल्यावरचा एक्सआरडी आणि परत आल्यावरचा शेजारी ठेवता आला.

आमची पुढची बॅच तयार होतेय, त्याच लॅबकडे जाणार. यावेळी पॅलेडियम-रुथेनियमच्या मधले ५५-४५ आणि ६०-४० पण आहेत, एनटूओचा उंचवटा नक्की कुठल्या प्रमाणाला पॅलेडियमच्या बाजूला झुकायला लागतो ते बघायचंय. फॉर्म काल भरला, 'स्टँडर्ड'वर काट मारून खाली लिहिलं: ५०० अंशाला ऑक्सिजन नको, हायड्रोजन ३०० ला, हवा लागू देऊ नका. मॅडमचा रात्रीच उलट मेल आला, की रिगवर चिठ्ठी लावली आहे.